झाडांवरचा तुझा भरवसा

विनय,

गेल्या आठवड्यात इथे कुवेतमध्ये, सालमियाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तुझा जुना मित्र, एकाच कंपनीतला, एकाच बिल्डिंगमधला, म्हणून मला बोलायला उभं केलं. मी उभा राहिलो, "विनय चांगला माणूस होता" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, जयंतचा गळा दाटून आला. गळा वगैरे काही दाटला नव्हता. मला तुझा राग आला होता, आणि गेलेल्या माणसावर शोकसभेत रागावायची आपल्यात पद्धत नाही.

बाकीचे छान बोलले. नियतीच्या मनात काय असतं कुणाला कळतं, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, भाग्यवान माणूस, आवडत्या ठिकाणी मरण आलं. जलीबच्या कामगार वस्तीतून तुझे झाडांवरचे कामगार कंपनीच्या बसने आले होते, ते मागे भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नाही, पण सगळ्यात जास्त तेच रडले. आणि मग चहाच्या वेळी माझ्या मागच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "मुलीच्या हट्टापायी गेला हो. ती आधी खाली गेली आणि तिनेच हाक मारून बोलावलं म्हणे." हळू बोलल्या, पण कानात सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जावं इतपत हळू.

तुझी रुचा दोन खुर्च्या पलीकडे होती. तिने ऐकलं. मान वर केली नाही. हातातल्या कागदी कपाची कड ती नखाने उसवत राहिली.

म्हणून हे लिहितोय. तू गेल्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत. एवढ्यात मित्राच्या चुका काढत बसणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण त्या चहाच्या कपापाशी मला कळलं, की तुझं नाव जपायचं की तुझी मुलगी, यातलं एकच काहीतरी होणार आहे.

आपला वाद जुना. तू दापोलीला शेतकी शिकून इथे आलास आणि वाळवंटात झाडं लावायला लागलास. रस्त्यावर वाळू येऊ नये म्हणून वाऱ्याच्या बाजूला झाडांचा पट्टा करायचा, त्याला ठिबकाने पाणी द्यायचं, हे तुझं खातं. माझं खातं लोडरचं. वाळू तरीही रस्त्यावर आली की ती उचलायची. म्हणजे तू जिथे हरायचास तिथे मी सुरू व्हायचो, आणि हे तुला दर शुक्रवारी ऐकवल्याशिवाय मला शर्कच्या बाजारातली मासळी गोड लागत नसे. तू पापलेटाचे कल्ले उघडून बघत असायचास. बघता बघता म्हणायचास, "जयंता, मुळं धरली की काही हलत नाही. तुझ्या लोडरला एक दिवस गंज चढणार." मी म्हणायचो, "अरे, तुझी झाडं वाळू थांबवत नाहीत, साठवतात. वारा झाडात शिरला की मंद होतो आणि हातातलं ओझं तिथेच टाकतो. पट्ट्यामागे जाऊन बघ, कमरेएवढा ढीग झालाय. भरला की एकदम सुटेल." तू म्हणायचास, "तोवर मी आणखी एक रांग लावीन." आणि लावायचास. ते मात्र खरं. तोंडाने माझं कधी मान्य केलं नाहीस, पण आठवड्याभराने रांग वाढलेली दिसायची.

मला तुझी ही रीत इतकी माहीत होती, की ती तुझ्या स्वभावातच आहे असं मी धरून चाललो होतो.

स्कीचं वेड कसं लागलं ते आठवलं की अजून हसू येतं. दुबईच्या मॉलमध्ये रुचाला बर्फ दाखवायला नेलंस. ती लहान, दोन मिनिटांत शिकली. तू गुहागरकडचा, समुद्रकाठचा माणूस, चार वेळा आपटलास आणि पाचव्यांदा उठून म्हणालास, "हे आपल्याला जमलं पाहिजे." पुढच्या फेब्रुवारीत इथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला रशियाशेजारचं जॉर्जिया. मग दर वर्षी जॉर्जिया. इथे आपण वर्षभर धूळ खातो, एसीच्या हवेत जगतो. तिथे विमानातून उतरल्यावर नाकात जी थंड हवा जायची तिच्यासाठी तू अकरा महिने काढायचास. मलाही ओढलंस. पन्नाशीला आलेल्या, गुडघा दुखणाऱ्या माणसाला तू पडायचं कसं ते शिकवलंस. "उभं राहायचं नंतर बघू," म्हणालास. तुझ्यामुळे मी देवदाराच्या रांगांमधून, भुसभुशीत ताज्या बर्फातून, कुणाचाही आवाज नसताना खाली आलो आहे. नाशिकच्या माणसाच्या आयुष्यात हे कुठून यायचं? त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

आभार आणखीही एका गोष्टीचे आहेत. विमानं बंद होती त्या उन्हाळ्यात आई गेली आणि मी इथे अडकलो. भावाने फोनवर तिचं शेवटचं दर्शन घडवलं. तू माझ्या शेजारी जमिनीवर फोन धरून बसून राहिलास. नंतर वर जाऊन पिठलं-भात करून आणलास आणि मी खाल्ल्याशिवाय उठला नाहीस. पिठल्यात मीठ नव्हतं. मी बोललो नाही, तूही तेच खाल्लंस आणि बोलला नाहीस.

डोंगरात बेफिकीर होतास असंही नाही. उलट सगळ्या गोष्टींचा तू आधी अभ्यास करणार. गळ्यात अडकवायचं ते बीकन, बर्फात खुपसायची लांब सळई, घडीचं फावडं, हे सगळ्यांकडे हवंच, असा तुझा नियम. हिमस्खलनात कुणी पुरलं गेलं तर त्याच्या बीकनचा आवाज दुसऱ्याच्या बीकनवर ऐकू येतो आणि त्या दिशेने जायचं, हे तू मला इतक्या वेळा समजावलंस की मी झोपेत सांगेन. हिवाळ्यात आपण वाळवंटात तंबू टाकायचो, तेव्हा तू एक बीकन रुचाच्या जुन्या डब्यात घालून वाळूत पुरायचास आणि ती शोधायची. वहिनी कोळशावर कणसं भाजत असायच्या. आजूबाजूच्या तंबूंतले कुवेती लोक आपल्याकडे बघत राहायचे. एका म्हाताऱ्याने विचारलंही, सोनं हरवलंय का. रुचा हातातलं यंत्र धरून वाकड्या रेषेत चालत यायची, मग गुडघ्यावर बसायची, आणि कणसं भाजून व्हायच्या आत डबा बाहेर. तू माझ्याकडे असं बघायचास, जणू मी तिला कधी नावं ठेवली होती.

आता त्या सकाळबद्दल लिहितो. हे मी या शुक्रवारपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटचा दिवस होता. दोन दिवस बर्फ पडला होता आणि वारा थांबला नव्हता. पाहुणघराच्या खालच्या खोलीत आपण दोघं नाश्त्याला बसलो होतो, रुचा वर तयार होत होती. लेवान आला. तिसऱ्या वर्षी तोच आपला वाटाड्या, म्हणजे नवखाही नव्हे आणि भित्राही नव्हे. त्याचं इंग्रजी तुटकं, पण त्यात फापटपसारा नसायचा. त्याने टोपीही काढली नाही. म्हणाला, "आज नाही. वाऱ्याने वरून बर्फ आणून टाकलाय. नवा थर जुन्याला चिकटलेला नाही. मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका."

तू म्हणालास, "उघड्यावर जाणारच नाही. झाडांतून जाऊ."

"कुठली झाडं?"

तू खिडकीतून ओढ्यापलीकडचा उतार दाखवलास. भूर्जांची विरळ झाडी, मधे पांढऱ्या वाटा, दिसायला फार देखणी. लेवानने बघितलंही नाही, त्याला ती जागा पाठ होती. "त्या झाडांमधून तू खाली येऊ शकतोस ना? मग बर्फही येऊ शकतो. आणि आला तर तुला झाडांवर आपटेल. दाट जंगलात वेगळं. हे जंगल नाही." मग दारात थांबून पुन्हा एकदा म्हणाला, "नको जाऊ."

तो लाकडं फोडायला बाहेर गेला आणि तू मला मराठीत म्हणालास, "याला वाटतंय आपण मॉलमधून आलोय. अरे, वीस वर्षं झाडं लावतोय मी. झाडं आहेत तिथे उतार धरलेला असतो."

मी म्हणालो, "उतार धरलेला असेल. वरचा माल सुटतो त्याचं काय? तुझ्याच पट्ट्यात बघितलंयस."

"ती वाळू. हा बर्फ."

"वारा तोच ना?"

"तू गप रे, लोडरवाल्या," तू म्हणालास आणि माझ्या ताटातलं चीज उचललंस.

हेच आपलं शेवटचं बोलणं. मी सामान भरायला वर गेलो. मला वाटलं, नेहमीसारखं होणार. तोंडाने हार मानणार नाहीस आणि थोड्या वेळाने गुपचूप बूट काढून बसशील. खिडकीतून पाहिलं तेव्हा तुम्ही दोघं ओढा ओलांडत होतात, रुचा पुढे आणि तू मागे.

पुढचं मला रुचाने सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. वर पोचल्यावर ती आधी उतरली. पांढऱ्या वाटेने खाली येऊन उताराच्या कडेच्या एका मोठ्या देवदाराच्या आड थांबली आणि वॉकीटॉकीवर म्हणाली, "बाबा, या ना. मस्त आहे." तू निघालास. दोन वळणं घेतलीस. मग वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी पलंग ओढावा तसा आवाज आला, आणि तुझ्या वरच्या अंगाला बर्फाला आडवी भेग गेली. झाडांनी काहीही धरलं नाही. सगळा उतार त्यांच्या मधून वाहत गेला.

तिने बीकन फिरवलं, रेषा पकडली, सळई खुपसली, खणायला लागली. खणता खणता मला फोन लावून बर्फावर ठेवला. मला फक्त तिचा श्वास आणि फावड्याचा आवाज ऐकू येत होता. लेवान, गावातले दोघे आणि मी बर्फावरच्या गाडीने पोचलो तोवर तिने तुला छातीपर्यंत मोकळं केलं होतं. वाळवंटात शिकवलेलं तिने सगळं बरोबर केलं, विनय. काहीही चुकलं नाही. लेवानने बराच वेळ तुझी छाती दाबली. मग तो थांबला आणि त्याने रुचाच्या हातातलं फावडं काढून घेतलं. ती सोडत नव्हती.

डॉक्टर नंतर म्हणाले, भूर्जावर आपटलास तेव्हाच मान मोडली होती. ती खणत होती तेव्हा तू नव्हतासच.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. रुचा लेवानला इंग्रजीत म्हणाली, "पण तुम्ही म्हणाला होतात ना, झाडांमध्ये सेफ आहे? बाबा म्हणाले, लेवानला आज काम आहे, तो म्हणाला झाडांत राहा म्हणजे झालं." लेवानने माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी कळलं, तू तिला काय सांगून नेलं होतंस. तो मोठा गडी खाली बघत म्हणाला, "आय अॅम सॉरी." तिच्यापुढे बापाला खोटं पाडण्यापेक्षा त्याने तुझा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला. असं करायला त्याचं तुझं नातं काय होतं?

दुसऱ्या दिवशी त्याने मला त्या उताराच्या पायथ्याशी नेलं. एकेका झाडाकडे बोट केलं. प्रत्येक भूर्जाच्या चढाकडच्या बाजूच्या फांद्या माणसाच्या उंचीच्याही वरपर्यंत नाहीशा होत्या. उताराकडच्या बाजूला होत्या. म्हणजे तिथे दर काही वर्षांनी बर्फ सुटत आला होता आणि झाडांनी ते अंगावर लिहून ठेवलं होतं. तू झाडांचा माणूस. इथे एखादी डहाळी मोडलेली दिसली तर उंटाने खाल्ली की वाऱ्याने मोडली, ते गाडीतून उतरता उतरता सांगायचास. तिथे संपूर्ण उतारभर तुला एकही फांदी कशी दिसली नाही? मी तिथे उभा राहून तुला शिव्या दिल्या. लेवानला मराठी येत नाही, पण त्याला अर्थ कळला असावा.

तुला गावी पोचवलं, दिवसकार्य झालं. वहिनी आणि रुचा घर आवरायला परत आल्या. वहिनींचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तुझ्यावर होता, त्यामुळे त्यांना आता इथून कायमचंच जावं लागणार. रोज एक खोका बांधला जातो. रुचाचं पुण्याचं कॉलेज बुडतंय, पण ती जायचं नाव काढत नाही आणि बोलतही नाही. वहिनी एकदा मला जिन्यात म्हणाल्या, "भावजी, मी तिला बोलून गेले. म्हटलं, कशाला हाक मारलीस. तोंडातून गेलं आणि मग परत घेता येईना." तेव्हापासून दोघी एका घरात राहून एकमेकींशी भाजीत काय घालू एवढंच बोलत होत्या.

आणि त्यावर शोकसभेतलं ते वाक्य.

मी दोन दिवस विचार केला. तू चांगला होतास, हे खरं. ते मी हॉलमध्ये सांगितलं. पण तेवढंच सांगितलं तर उरलेलं सगळं त्या पोरीच्या वाट्याला येत होतं. ती विमानात बसली असती आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं स्वतःला म्हणाली असती, मी हाक मारली नसती तर.

शुक्रवारी सकाळी ती माझ्या दारात आली. "जयंतकाका, मला बाबांची झाडं बघायचीत. जायच्या आधी. न्याल?"

तसेच निघालो. ऊन चढायला लागलं होतं आणि हवेत थोडी धूळ होती. पट्ट्याशी पोचलो, तर तुझी पहिली रांग आता माझ्या दुप्पट उंच झाली आहे. ती एकेका खोडाला हात लावत चालली. मी तिला मागच्या बाजूला नेलं. वाळू खोडांच्या अर्ध्यापर्यंत चढली होती, वर वाऱ्याच्या रेघा, आणि एका ठिकाणी ढीग मोडून झाडांच्या मधून पलीकडे घसरला होता. तिथे माझ्या लोडरच्या चाकांच्या खुणा होत्या.

"म्हणजे ट्रीज थांबवत नाहीत?" तिने विचारलं.

"थांबवतात. पण ते सगळं तिथेच साठतं. बाबांचा आणि माझा यावरून कायम वाद व्हायचा."

"आय नो. रोज ऐकलाय."

"शेवटचा वाद तू ऐकला नाहीस," मी म्हणालो, आणि सांगितलं. लेवान काय म्हणाला, किती वेळा म्हणाला, तू काय म्हणालास, सगळं. चीजसुद्धा.

ती माझ्याकडे वळली. "लेवानने नको सांगितलं होतं?"

"हो."

"मग बाबांनी मला वेगळं का सांगितलं?"

"तुला काळजी वाटू नये म्हणून. आणि तू नाही म्हणू नयेस म्हणून. दोन्ही."

"पण काका, मी हाक मारली."

"तू खाली पोचली होतीस. तो वर होता. हाक मारली नसतीस तर काय तो वरच राहिला असता? त्याला त्याच वाटेने यायचं होतं. ती वाट त्याने नाश्त्यालाच ठरवली होती."

ती हे मनात उलटसुलट करून बघत होती, ते दिसत होतं. मग तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "पण त्यांनी मला पहिलं पाठवलं. काका, ही सेन्ट मी फर्स्ट." आणि मोठ्याने, "लेवानने नको सांगितलेलं माहीत असून मला पहिलं पाठवलं."

विनय, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तुझ्या चुकीचा इतके दिवस विचार केला, पण ही बाजू मला दिसली नव्हती. बर्फ तिच्या पायाखालीही सुटू शकला असता. मी तुझ्या वतीने उत्तर शोधत राहिलो आणि मला एकच सापडलं.

"त्याला तसूभर जरी शंका असती ना," मी म्हणालो, "तर तुला पहिलं पाठवलं नसतं. स्वतः गेला असता आणि तुला तिथेच थांबायला सांगितलं असतं. तुला माहीत आहे तो. त्याला खात्री होती. वीस वर्षं इथे जे खरं ठरलं ते तिथेही खरं असणार, अशी खात्री. तीच त्याची चूक. तो तुझ्या बाबतीत कधीच निष्काळजी नव्हता. तो झाडांच्या बाबतीत चुकला."

ती वाळूत खाली बसली आणि रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. दवाखान्यात रडली नव्हती, गुहागरला रडली नव्हती. तुझ्यावर रागावून, मुठीने वाळू मारत, मराठी-इंग्रजी काय तोंडाला येईल ते बोलत रडली. "किती स्टबर्न माणूस," म्हणाली. "एकदा तरी कुणाचं ऐकायचं होतं." मी शेजारी उभा राहिलो. मला काही तिला आवरायचं नव्हतं. बापावर रागावलेली मुलगी मला चालेल. स्वतःवर रागावलेली मुलगी मला बघवत नव्हती.

घरी वहिनींनी दार उघडलं. मी खाली माझ्या घरी निघून जाणार होतो, पण रुचाने माझी बाही धरली. आत गेल्या गेल्या चप्पलही न काढता म्हणाली, "आई, लेवानने नाही म्हणून सांगितलं होतं. दोनदा. बाबांनी ऐकलं नाही. आणि मला सांगितलंही नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या अर्धवट बांधलेल्या खोक्यावर बसल्या. मला वाटलं, आता मला बोलतील, मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढलीत म्हणून. पण त्या म्हणाल्या, "ऐकलं कधी होतं त्यांनी?" आणि मग रुचाकडे हात करून, "इकडे ये. मी तुला बोलले ते विसर. विसरू नकोस, मला माफ कर." रुचा त्यांच्या पायाशी बसली. वहिनी तिच्या केसांतली वाळू बोटांनी काढत राहिल्या आणि तुझ्यावर चिडत राहिल्या. मी दार ओढून घेतलं.

रुचाला विचारून मी त्या बाईंनाही फोन केला आणि सगळं सांगितलं. यापुढे जो कुणी रुचाबद्दल बोलेल त्यालाही सांगणार आहे. तुझ्याबद्दल लोक आता थोडं कमी छान बोलतील. म्हणतील, हट्टी होता, वाटाड्याचं ऐकलं नाही. म्हणू दे. लेवानलाही कळवलंय, की पोरीला खरं माहीत आहे, आता तुझ्या डोक्यावर काही ठेवू नकोस.

हे सगळं तुला विचारून केलं नाही, पण मला शंकाही नाही. त्या दिवशी बर्फातून जिवंत निघाला असतास, तर श्वास घेता घेता तू पहिलं तेच बोलला असतास: रुचा, तुझं काही चुकलं नाही, मी चुकलो. तुला ते म्हणायला मिळालं नाही. ते मी तुझ्या वतीने म्हणून आलो.